नाचाच्या गाण्याचा ठेका कोणी धरायचा?

नागपूरहून अमरावती रोडने बाहेर पडलं की वाडी लागते. तिथे नाचासाठी प्रत्यक्ष वाजणारी दोन पथकं सगळ्यांच्या ओळखीची: मिरवणुकीतली धुमाल पार्टी आणि स्टेजवरचा ऑर्केस्ट्रा. आपण ज्याला ऑर्केस्ट्रा म्हणतो, त्यात व्हायोलिनचा सगळा ताफा बहुधा एका कीबोर्डातून निघतो. खरोखरचे चाळीस-पन्नास वादक घेऊन क्लबमधली नाचाची गाणी वाजवायची तर काय काय करावं लागतं, ते पाहू.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (1951) या चित्रपटाच्या गाण्यांत हॉटेलातल्या डान्स बँडचा बाज आणला. त्यात त्यांच्या सोबतीला होता गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये वाजवणारा. संगीतकाराने चाल द्यायची आणि स्टाफ नोटेशन लिहिता येणाऱ्या अरेंजरने ती वादकांत वाटायची, ही पद्धत रुळली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांमुळे. त्यांच्यातल्याच अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा केला. प्यारेलाल त्यांचेच शिष्य. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘कर्ज’मध्ये (1980) डिस्को आणि मोठा वाद्यवृंद सुखाने एकत्र नांदताना ऐकू येतात.

अमेरिकेतलं सत्तरच्या दशकातलं डिस्कोही असंच व्हायोलिन आणि ब्रासने भरलेलं होतं. 1977 मध्ये डोना समरच्या ‘आय फील लव्ह’ या गाण्यात निर्माते जॉर्जियो मोरोडर यांनी जवळजवळ सगळी साथ सिंथेसायझरवर सोपवली. पुढे शिकागो आणि डेट्रॉइटच्या तरुणांनी ड्रम मशीन घेऊन हाऊस आणि टेक्नो घडवलं. तेच संगीत 2015 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीजे पीट टाँग, कंडक्टर ज्यूल्स बकली आणि हेरिटेज ऑर्केस्ट्रा यांनी वाद्यवृंदावर वाजवलं. मशीनसाठी केलेलं संगीत माणसांच्या हातात देताना पहिला प्रश्न येतो तो ठेक्याचा.

हाऊसचा ठेका सांगायला सोपा: चार मात्रा, प्रत्येकीवर बास ड्रमचा सारख्याच वजनाचा ठोका. केरव्यात बोल आणि वजन बदलत राहतं, तसं इथे काही नाही. लय मिनिटाला 120 ते 130 ठोक्यांची असते आणि ती तसूभरही हलत नाही. वाद्यवृंदाला मात्र वाक्य संपताना किंचित रेंगाळायची सवय असते. म्हणून ठेका ड्रमर किंवा मशीनच्या हाती ठेवतात आणि बाकीच्यांना त्याच्या मागे चालवतात. कंडक्टरसुद्धा कानात ‘क्लिक’, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, ऐकतच हात फिरवतो. नाचाच्या संगीतात त्याचं काम लय ठरवण्याचं कमी, कोणी कधी शिरायचं आणि किती चढायचं ते दाखवण्याचं जास्त.

क्लिक कानात कशासाठी? आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मागे बसलेल्या ड्रमरपासून वीस मीटरवरच्या व्हायोलिनवाल्याला ठोका जवळपास 60 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 125 ठोके असतील तर सोळांशाचा, म्हणजे पाव ठोक्याचा, एक स्वर 120 मिलिसेकंदांचा. म्हणजे कानावर विसंबलेला वादक अर्धा स्वर मागे पडतो आणि ऐकणाऱ्याचा पाय अडखळतो. हेडफोनमध्ये क्लिक सगळ्यांना एकाच वेळी मिळते.

दुसरं काम वाटणीचं. मशीन एकच तुकडा सहा मिनिटं न थकता वाजवतं. तोच सोळांशाचा तुकडा व्हायोलिनला दिला तर गज सेकंदाला आठ वेळा हलवावा लागतो. दोन मिनिटांत मनगट भरून येतं, मग ठोके सैल पडतात. जाणता अरेंजर ताफ्याचे दोन भाग करतो: एक आवर्तन यांनी, पुढचं त्यांनी. ट्रंपेट-ट्रॉम्बोनला श्वास घ्यायचा असतो, म्हणून त्यांचे पीस छोटे आणि झटक्याचे. सिंथेसायझरचा आवाज हळूहळू उघडत जातो, तो परिणाम साधायला वादक आधी गज घोडीजवळ ओढून पातळ, खरखरीत स्वर काढतात आणि मग गज सरकवत स्वर भरदार करतात. छातीत घुमणारा खालचा बास मात्र डबल बासला पेलत नाही. तो सिंथेसायझरकडेच राहू द्यावा.

तिसरं काम साऊंडवाल्याचं. व्हायोलिनसमोर स्टँडवर माइक ठेवला तर त्यात ड्रमच जास्त शिरतो. मग व्हायोलिनचा आवाज चढवला की ड्रमही चढतो आणि सगळा गलका होतो. उपाय दोन: प्रत्येक व्हायोलिनला छोटा क्लिप माइक लावायचा, आणि ड्रमभोवती पारदर्शक आडोसा उभा करायचा. वाडीसारख्या ठिकाणी कार्यक्रम मैदानावर असेल तर आवाज परतवायला भिंती नाहीत. मग वाद्यवृंदाची भरदार गुंज साऊंडवाल्याला मिक्सरवर रिव्हर्ब देऊनच आणावी लागते.

इतका खर्च एखाद्या मंडळाला झेपत नाही, हे खरं. पण चाळीस वादक नसले तरी हीच तत्त्वं लागू पडतात. कीबोर्ड ठेवाच, सोबत तीन-चार खरी व्हायोलिन, एक ट्रंपेट आणि एक सॅक्सोफोन घ्या. लांब सूर कीबोर्डवर सोडा. दोन कडव्यांमधले पीस, जिथे गज उचलल्याचं आणि फुंकर थांबल्याचं कानाला कळतं, ते या वादकांना द्या. आणि पैसा एकाच ठिकाणी घालता येत असेल तर तो दोन पूर्ण तालमींसाठी द्या, साऊंडवाल्याला धरून. वादक नंतर वाढवता येतील. स्टेजवर हललेला ठेका मात्र नाचणाऱ्यांच्या पायांना लगेच कळतो.