उंबळी : फुलाविना बी धरणारी वेल

मागच्या आठवड्यात आपण मिरवेल पाहिली. आजची वेल त्याच रानात वाढते, तशीच बारमाही हिरवी असते, पण वंशाने तिच्यापासून फार दूरची आहे. तिचं नाव उंबळी. काही ठिकाणी कुंबळ असंही म्हणतात. शास्त्रीय नाव नीटम उला. खंडाळ्याच्या घाटात, कोकण-गोव्याच्या दाट रानांत आणि तिथून दक्षिणेला केरळपर्यंत ती आढळते. मुंबई-पुण्याच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खंडाळा आणि नीटम ही जोडी सहलींमुळे चांगली परिचयाची आहे.

उंबळीचं पान कुणाच्याही हातात द्या. रुंद, जाडसर, गर्द हिरवं, वरून तकतकीत. मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना पसरलेलं शिरांचं जाळं. पानं समोरासमोर जोडीनं येतात. पाहणारा बेलाशक सांगेल की ही आंबा-फणसासारखीच सपुष्प, द्विदल वनस्पती आहे. प्रत्यक्षात उंबळीला फूल येतच नाही. ती अनावृतबीजी आहे, म्हणजे सायकस, देवदार आणि पाइन यांच्या गोतातली. या गोतात सुईसारखी, खवल्यांसारखी किंवा झावळीसारखी पानं नेहमीची. असं रुंद, जाळीदार पान धरून झाडावर चढणारी वेल अगदी विरळा. सह्याद्रीच्या वनस्पतींत मला तिचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते यामुळेच.

ओळखताना आणखी एक चकवा आहे. उंबळीला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. लांब फांद्या आधार शोधत पुढे जातात आणि त्यांच्यावर नुसती खवल्यांसारखी पानं असतात. खरी हिरवी पानं येतात ती आखूड फांद्यांवर. तिथे पानांच्या जोड्या एकाच पातळीत मांडलेल्या असल्यामुळे अख्खी फांदीच एखाद्या संयुक्त पानासारखी दिसते. मग पानाच्या बगलेत पाहावं. तिथे कळी सापडली की समजावं, हे एकच पान नव्हे, पानांची फांदी आहे. पेरांपाशी खोड फुगीर असतं, तीही खूण ध्यानात ठेवावी.

नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. दोन्हींवर लोंब्यांसारखे शंकू येतात. शंकूच्या दांड्यावर एकावर एक कडी असतात. नर शंकूत प्रत्येक कड्याच्या आत परागकोश धरणाऱ्या बारीक अवयवांची वर्तुळं असतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला वांझ बीजांडांचं एक वर्तुळ. मादी शंकूत प्रत्येक कड्यावर बीजांडांचं एकच वर्तुळ असतं. ही बीजांडं उघडी असतात, आणि सगळी मेख इथेच आहे. सपुष्प वनस्पतीत बीजांड अंडाशयात बंद असतं. पराग कुक्षीवर पडतो आणि तिथून नळी रुजवत आत पोचतो. उंबळीला अंडाशय नाही, कुक्षीही नाही. बीजांडाचं सर्वांत आतलं आवरण लांब होऊन त्याची बारीक नळी बनते आणि नळीच्या तोंडाशी द्रवाचा थेंब येतो. परागकण त्या थेंबात अडकतो आणि थेंब आटताना आत ओढला जातो. पुढे बी तयार होते. तिच्यावर पिकल्यावर नारिंगी-तांबडं होणारं मांसल कवच असतं, म्हणून लोक तिला फळ म्हणतात. पण अंडाशयच नाही, तर शास्त्राच्या अर्थानं फळ कुठून येणार?

खोड कापून पाहिलं तर आत वर्तुळांमागून वर्तुळं दिसतात. ही पाइनच्या खोडातल्यासारखी वर्षवर्तुळं नव्हेत. खोडाची जाडी वाढवणारा थर काही काळानं थांबतो आणि त्याच्या बाहेर नवा थर कामाला लागतो. असं पुन्हा पुन्हा होतं. लाकडाच्या कड्यांमध्ये मऊ पेशी राहिल्यामुळे खोड दोरखंडासारखं पिळवटलं तरी तुटत नाही. आधाराचं झाड वाऱ्यानं हेलकावलं तर वेलीला ते सोसावंच लागतं. शिवाय पाइनच्या लाकडात पाणी निमुळत्या, बंद टोकांच्या पेशींतून वर चढतं, तर उंबळीच्या लाकडात सपुष्प वनस्पतींसारख्या मोकळ्या वाहिन्याही आहेत. बारीक खोडातून उंचावरच्या मोठ्या पर्णसंभाराला पाणी पुरवायचं, तर त्यांचा फायदा उघड आहे.

या साम्यांनी शास्त्रज्ञांना बराच काळ गुंतवून ठेवलं. सपुष्प वनस्पती इतक्या झपाट्यानं कशा अवतरल्या, या प्रश्नानं डार्विनही हैराण होता. १८७९ साली आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हुकर याला लिहिलेल्या पत्रात त्यानं तसं बोलून दाखवलं होतं. नीटम, हिमालयातली एफेड्रा आणि आफ्रिकेच्या नामिब वाळवंटात जन्मभर दोनच पानांवर जगणारी वेल्विचिया, हे तिघं जवळचे आप्त. सपुष्प वनस्पतींचे सर्वांत जवळचे नातेवाईक हेच, असं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांना वाटत होतं. १९९९-२००० च्या सुमारास जनुकांच्या अभ्यासानं चित्र पालटलं. या तिघांचं नातं पाइन-देवदारांशीच जास्त जवळचं निघालं. म्हणजे उंबळीचं रुंद पान आणि तिच्या वाहिन्या हा फुलझाडांकडून आलेला वारसा नव्हे. तिच्या वंशानं हे स्वतंत्रपणे घडवलं. मला हे जुन्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

उंबळीच्या बिया भाजून खातात. बियांचं तेल सांधेदुखीवर चोळण्याचीही रीत आहे. पण रान तुटलं की ही वेल लवकर अडचणीत येते, कारण बी धरायला नर आणि मादी दोन्ही वेली एकमेकींच्या आवाक्यात लागतात. रस्त्यासाठी किंवा बंगल्यांसाठी मधली झाडं तोडली आणि एकटी मादी वेल मागे उरली, तर ती वर्षानुवर्षं हिरवीगार दिसेल, शंकूही धरेल, पण तिच्याखाली रोप उगवणार नाही. त्यामुळे उंबळीची नोंद करताना ‘वेल आहे’ एवढंच लिहून भागत नाही. नर किती, मादी किती आणि खाली रोपं आहेत का, हेही लिहावं लागतं. ज्यांच्या गावच्या देवराईत ही वेल असेल, त्यांनी शंकूंच्या दिवसांत एवढं जरूर पाहून ठेवावं.

पुढच्या आठवड्यात गारंबी.