वाणी, लेखणी आणि आसरा : पंडिता रमाबाईंचा मागोवा

पंडिता रमाबाईंची वाणी घडली ती तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी शास्त्र्यांचा रोष ओढवून घेतला. त्याच आईनं रमाला शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले, तरी ती आणि भाऊ श्रीनिवास पुराण सांगत पायी देश हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पुढे लग्न झालं, पण १८८२ मध्ये पती वारले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढची साक्ष. बायकांना शिक्षिका हव्यात, डॉक्टरही बाई हवी, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८७ मध्ये अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती मांडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. तिथे उभ्या राहिलेल्या मदतीवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विद्यार्थिनी बालविधवा गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादात १८९३ मध्ये सदनाच्या सल्लागार मंडळातून सुधारक रानडे-भांडारकर बाहेर पडले. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

१८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्राला पत्र लिहिलं. इस्पितळात नेलेल्या आपल्याच आश्रमातल्या एका मुलीची झालेली दैना त्यांनी छापायला दिली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारला. सरकारला न भिता, पीडितेच्या बाजूनं, स्वतःच्या सहीनं लिहिणं यालाच मी खरी पत्रकारिता म्हणेन.

दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी दौंडजवळच्या केडगावात त्यांचा मुक्ती सदन हा आश्रम वाढला. अत्याचार सोसलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. आश्रमाच्या छापखान्यात त्याच बाया खिळे जुळवत, छापत, पुस्तकं बांधत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

त्यांच्या धर्मनिष्ठेशी वाद घालता येईल, पण ज्या वाणीनं पुराण सांगितलं तीच वाणी पिडलेल्या बाईसाठी वापरली, हे निर्विवाद आहे. आजही भंडारदऱ्याच्या परिसरात हरिनाम सप्ताहात कीर्तन ऐकायला हजारो कान एकवटतात. तिथल्या कीर्तनकारांनी, गावोगावच्या बातमीदारांनी हा वारसा उचलावा. अत्याचार झालेल्या बाईला गप्प बसवू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन, मुलांसाठी १०९८, हे क्रमांक व्यासपीठावरून सांगा.