बर्फावरची गाडी आणि आपलं काळं रान

जुलैत, पाऊस पडून गेल्यावर, कधी कळंबकडच्या एखाद्या पाणंद रस्त्यावरून बाइक काढलीय? काढली असेल तर पुढचं अर्धं तुम्हाला आधीच माहीत आहे. काळी माती भिजलेली. पुढचा ब्रेक दाबला की हँडल एकीकडे, गाडी दुसरीकडे. वळायचं असतं डावीकडे, गाडी मात्र सरळ बांधावर. चाकाची पकड सुटणं म्हणजे काय, हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

आता ती माती काढा आणि तिथे गोठलेला बर्फ ठेवा. तापमान उणे वीस, जंगलातला अरुंद रस्ता, दोन्ही कडांना बर्फाचे बांध आणि त्यातून ताशी शंभरच्या वर धावणारी गाडी. ही स्वीडनची रॅली. जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या फेऱ्यांमध्ये खरीखुरी बर्फातली अशी सध्या हीच.

हे किती अवघड, ते फिजिक्सच्या वहीतच बघा. घर्षणाचा गुणांक कोऱ्या डांबरावर साधारण 0.8, बर्फावर 0.1 च्या आसपास. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे 18 मीटरमध्ये थांबेल. बर्फावर तिला 140 मीटर लागतील!

मग हे लोक वळतात तरी कसे? पहिला उपाय टायरचा. स्वीडनला वापरतात त्या एकेका टायरमध्ये धातूचे 384 खिळे असतात, आणि ते बर्फात रुततात. टायर रुंद असेल तर पकड जास्त, असं आपल्याला वाटतं. इथे उलटं. टायर मुद्दाम अरुंद ठेवतात, म्हणजे सगळं वजन थोड्या जागेवर येतं आणि वरचा भुसभुशीत बर्फ कापून चाक खालच्या टणक थरापर्यंत पोचतं. बैलगाडीची लोखंडी धाव चिखल कापत जायची, तसंच.

दुसरा उपाय ड्रायव्हरच्या हातात. उजवीकडे वळायचं असेल तर तो आधी क्षणभर डावीकडे स्टिअरिंग फिरवतो, मग झटकन उजवीकडे. वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर फेकलं जातं, गाडीची मागची बाजू सुटते आणि गाडी आडवी होऊनच वळणात शिरते. घसरणं टाळायचं नाही, घसरणंच वापरायचं. कडेच्या बर्फाच्या बांधाला गाडी टेकवून वळणारेही आहेत. अंदाज थोडा चुकला तर तोच बांध गाडी आत ओढून घेतो. समोरच्या जाळीत बर्फ ठासून बसतो, रेडिएटरला हवा मिळत नाही आणि उणे वीसमध्ये इंजिन तापतं. मडगार्डमध्ये काळी माती बसून चाक जाम झालेलं ज्यांनी काडीने उकरलंय, त्यांना हे हसण्यावारी नेता येणार नाही.

काल्ले रोवनपेरा हा फिनलंडचा पोरगा आठव्या वर्षीच बर्फावर गाडी चालवत होता. 2022 मध्ये तो जगज्जेता झाला, बाविसावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता. म्हणजे आपल्याकडे जेव्हा एम.ए., एम.एस्सी.चे फॉर्म भरतात, त्या वयात.

पण मला ड्रायव्हरपेक्षा शेजारी बसलेल्या माणसाचं जास्त कौतुक वाटतं. को-ड्रायव्हर. त्याचे डोळे बहुतेक वेळ वहीत. पुढचं वळण किती तीव्र, चढ संपल्यावर रस्ता कुठे वळतो, हे तो आधीच लिहून ठेवलेल्या खुणांवरून वाचत राहतो आणि ड्रायव्हर न दिसणाऱ्या वळणासाठी गाडी तयार करतो. मोंटे कार्लो रॅलीत तर आणखी एक जोडी असते. 1911 पासूनची ही रॅली आल्प्सच्या डोंगरात होते. घाटाच्या एका बाजूला कोरडं डांबर, माथ्यापलीकडे सावलीत काचेसारखा बर्फ. ही जोडी काही तास आधी रस्ता फिरून येते आणि कुठे बर्फ धरलाय ते वहीत भरते. मधल्या वेळात ऊन पडलं किंवा गारठा वाढला, तर ती नोंदही शिळी. तरी ड्रायव्हरला तिच्यावरच विसंबावं लागतं.

आता तर बर्फाचाच भरवसा राहिलेला नाही. 2016 आणि 2020 मध्ये थंडी कमी पडल्याने स्वीडनच्या रॅलीतले टप्पे कापावे लागले. 2022 पासून रॅली उत्तरेला उमेओ शहराकडे हलवली. आभाळाकडे बघत वेळापत्रक ठरवायचं म्हणजे काय, हे धाराशिवकरांना वेगळं सांगायला नको.

हे सगळं फार लांबचं वाटतं? मुंबईच्या नाझीर हुसेन यांनी 1980 मध्येच हिमालयन रॅली उभी केली. 1999 मध्ये रेड-डी-हिमालय सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये उंच खिंडींतून जाणाऱ्या या रॅलीत बर्फ कधी आडवा येईल, सांगता यायचं नाही. पुण्याचे संजय टकले यांनी जानेवारी 2025 मध्ये सौदी अरेबियातली डाकार क्लासिक टोयोटा लँड क्रूझर घेऊन पूर्ण केली. तिथे बर्फ नाही, वाळू. पण पायाखालची जमीन हलती, ही गोष्ट सारखीच.

या खेळाला पैसा लागतो, आणि भरपूर लागतो. बापाचं एक एकर विकून गाडी घेण्याची ही गोष्ट नाही. तुळजापूरच्या घाटात रात्री मित्रांना मागे बसवून प्रॅक्टिस करायचीही नाही. रॅलीचा रस्ता बंद केलेला असतो, गाडीत लोखंडी पिंजरा असतो, टप्प्याच्या तोंडाशी अॅम्ब्युलन्स उभी असते. घाटात समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो.

सुरुवात करायचीच असेल तर टीएसडी प्रकारच्या रॅली बघा. टाइम, स्पीड, डिस्टन्स. साधी घरची गाडी चालते, कारण तिथे शर्यत वेगाची नसतेच. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या ठिकाणी पोचायचं, उशिरा पोचलात तर दंड आणि लवकर पोचलात तरी दंड. शेजारच्या सीटवर बसलेल्याला घड्याळ, नकाशा आणि भराभर आकडेमोड जमली पाहिजे. स्पर्धेच्या परवान्याचे नियम एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाच्या वेबसाइटवर आहेत. वर्गात गणितात पुढे आणि गाडी चालवायला घाबरणारी एखादी मैत्रीण असेल, तर तिला आधी विचारा.