उघडी हवागाळणी व उष्णतारोधक पडदा

अमेरिकेत पिकअप ट्रकचे अनेक मालक मूळची बंदिस्त पेटी काढून तिच्या जागी शंकूच्या आकाराची उघडी हवागाळणी बसवितात. एंजिनास हवा अधिक मिळावी, हा त्यातील हेतू. परंतु मूळ पेटी सामान्यतः बाहेरची थंड हवा घेते. उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. दाब स्थिर असता हवेची घनता निरपेक्ष तपमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ३० अंश सेल्सिअसची (३०३ केल्विन) हवा ६० अंशांपर्यंत (३३३ केल्विन) तापल्यास घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. टर्बोचार्जर नसलेल्या एंजिनात सिलिंडरास मिळणारा प्राणवायूही त्या मानाने कमी होतो, आणि गाळणीचा अवरोध घटविल्याचा लाभ सहज नाहीसा होतो.

यावर उपाय म्हणून पडदा बसवितात. चकचकीत अॅल्युमिनियम निष्कास नळीकडून येणारे उष्णताप्रारण परावर्तित करते, हे खरे. पण हवा स्वतः असे प्रारण फारच थोडे शोषते. तेव्हा पडद्याचे मुख्य कार्य परावर्तनाचे नसून विभाजनाचे होय. त्याची कड रबरी पट्टीने बॉनेटला घट्ट भिडली पाहिजे, आणि गाळणीच्या कप्प्यास बाहेरच्या हवेची पुरेशी वाट हवी. या दोन अटी पाळल्या नाहीत, तर पडदा केवळ शोभेचा ठरतो.