वास्तूच्या अंतरंगाचे छायाचित्र

जुन्या गोव्यातील मोन्ते सांतो टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचा भग्न मनोरा उभा आहे. त्याची उंची सुमारे ४६ मीटर. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यावर १८३५ साली हे चर्च ओस पडले आणि १८४२ साली त्याची कमानदार छत कोसळली. छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. अवघ्या तीन वर्षांचे अंतर! त्यामुळे ते छत, ती वेदी, तो आतला उजेड कसा होता, हे दाखविणारे एकही छायाचित्र जगात नाही. उरलेल्या चौथऱ्यांवरून नि रंगीत फरशांच्या तुकड्यांवरून अभ्यासकाने तर्क करावा, इतकेच.

जवळच असलेले से कॅथेड्रल मात्र सुदैवी. १५६२ साली आरंभ झालेली ही वास्तू १६१९ साली बांधून झाली. आतील वेद्या पूर्ण व्हायला १६५२ साल उजाडले. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट. १७७६ साली तिचा एक मनोरा ढासळला. परंतु अंतर्भाग शाबूत राहिला. अशा विशाल दालनाचे छायाचित्र घेणे दिसते तितके सोपे नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिली अडचण उजेडाची. माणसाचा डोळा उन्हाची खिडकी नि सावलीतला कोपरा एकाच वेळी पाहू शकतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. खिडकी नीट आली तर कोपरा काळा पडतो, कोपरा उजळला तर खिडकी पांढरी होऊन जाते. म्हणून जाणता छायाचित्रकार कॅमेरा न हलविता कमीअधिक उजेडाची तीन-चार चित्रे घेतो आणि मागाहून ती एकत्र जुळवितो. शिवाय चुन्याच्या पांढऱ्या भिंती यंत्राला फसवितात. यंत्र त्यांना करड्या समजून उजेड आवरते. म्हणून तो मुद्दाम थोडा वाढवावा लागतो.

फ्लॅशचा दिवा येथे निरुपयोगी ठरतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. दहा फुटांवरील बाकावर पडणाऱ्या प्रकाशाचा दोनशे फुटांवरील वेदीपर्यंत जेमतेम चारशेवा अंश पोचतो. बाक भगभगतो, वेदी अंधारातच राहते. जवळ जाऊन दिवा मारला, तर सोन्याचा मुलामा एखाद्या ठिकाणीच चकाकतो आणि नक्षीचे उठाव सपाट होऊन जातात. त्यापेक्षा दिवसाच्या उजेडाची वाट पाहावी. कॅथेड्रलचे दर्शनी तोंड पूर्वेला आहे. सकाळचे ऊन महाद्वारातून आत येते, तीच वेळ साधावी.

दुसरी अडचण स्तंभांची. उंच छत चौकटीत यावी म्हणून कॅमेरा वर कलविला, की सरळ स्तंभ एकमेकांकडे झुकलेले दिसतात. कॅमेरा समपातळीत ठेवावा, शक्य तितके मागे जावे आणि जमल्यास उंचावर उभे राहावे. झडप बराच वेळ उघडी ठेवायची, तर हातात कॅमेरा धरून भागत नाही, तिपाई हवी. मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत तिपाईसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. आणि प्रार्थना चालू असताना कॅमेरा खालीच ठेवावा; चित्र उद्याही घेता येते.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देवालयही याच दृष्टीने पाहावे. दिवाडी बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीजांनी पाडल्यावर भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्यास नेले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. उतरत्या छपराखालचा घुमट आणि युरोपीय वळणाचा सभामंडप यांचा संगम तेथे आढळतो. २०२३ साली सरकारी खर्चाने झालेल्या जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा खुले झाले. डागडुजी कितीही कुशलतेने केली, तरी आधीचा गिलावा कसा होता, तडा कोठून कोठवर गेला होता, याची साक्ष आधीचे छायाचित्रच देते. गाभाऱ्याची बाब निराळी. तेथे देवस्थानाची आज्ञा प्रमाण मानावी.

पेडणे-डिचोलीच्या कित्येक गावांत जुन्या सभामंडपांचे कोरीव खांब, चर्चमधील लाकडी वेद्या, वाड्यांच्या चौकांतील तुळया अजून जागेवर आहेत. वाळवी, ओल आणि नव्याची हौस त्यांच्या मागे लागलेली आहेच. एखादी वास्तू उतरविण्याचे ठरले, तर पहिला खिळा काढण्यापूर्वी चारही भिंती, छत व जमीन यांची चित्रे घ्यावीत. शेजारी मापाची पट्टी धरावी. चित्रामागे गाव, तारीख व दिशा लिहावी. कलाकुसर अंगी नसली तरी चालेल; चित्र स्वच्छ आणि खरे असले म्हणजे पुरे. ऑगस्टीनच्या चर्चला अशी तारीख लिहिलेले एक चित्र लाभले असते, तर आज कोणालाही तर्क करीत बसावे लागले नसते.