एक मीटर, एक मिनिट

किल्लारीतून रेल्वेची शिट्टी ऐकायची तर लातूर गाठावं लागतं. तरी रेल्वेवेडी पोरं-पोरी आपल्याकडंही आहेत. रात्री उशिरापर्यंत ट्रेनचे व्हिडिओ बघायचे आणि पॉकेटमनी साठवून मॉडेल इंजिन घ्यायचा बेत करायचा. तुम्ही त्यातले असाल तर पैसे मोजण्याआधी पाच मिनिटं द्या. चांगलं इंजिन हजारांच्या भाषेत बोलतं, आणि विकणारा ते बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं दाखवतो : फुल स्पीडमध्ये. गर्रकन एक चक्कर, पुढचा दिवा चालू, आपण खूश.

फुल स्पीडला कुठलंही इंजिन चांगलंच दिसतं हो. धूळ, मळकी चाकं, कच्चे गिअर, सगळं ते वेगाच्या जोरावर ओलांडून जातं. पितळ उघडं पडतं ते हळू चालवल्यावर.

मोबाइलचं स्टॉपवॉच काढा. रुळावर एक मीटर मोजून दोन खुणा करा आणि इंजिन जमेल तितकं हळू सोडा. सगळ्यात जास्त दिसणारी एचओ साइज म्हणजे खऱ्या गाडीचा ८७ वा भाग. अशा इंजिनानं एक मीटर ६३ सेकंदांत कापला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात ताशी ५ किलोमीटर झाले, म्हणजे माणसाची चाल. सूत्र सोपं आहे : ३१३ ला सेकंदांनी भागा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. न अडखळता मिनिटभर लावलं तर मशीन भारी. वीस सेकंदांपेक्षा हळू करायला गेलं की बंदच पडत असेल, तर रंगकाम कितीही देखणं असू दे, दोनदा विचार करा.

सुरुवात कशी होते तेही बघा. नॉब हळूहळू फिरवला की इंजिनानं सरकायला लागावं, बेडकासारखी उडी मारू नये. मग मध्यम वेगात असताना करंट एकदम बंद करा. आत फ्लायव्हील असेल तर ते थोडं पुढं घरंगळत जाऊन थांबतं. नसेल तर जागच्या जागी खिळतं, कारण वर्म गिअर चाकांकडून उलटा फिरत नाही.

अडखळलं म्हणजे लगेच इंजिन खराब, असं मात्र नाही. इथं थोडी डॉक्टरकी लागते. दर फेरीला रुळावर त्याच जागी अडखळतं? रूळ मळलाय किंवा जोड सैल आहे, इंजिन निर्दोष. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टिक’ असा आवाज येतो? ॲक्सलवरचा प्लॅस्टिक गिअर तडकल्याची शंका घ्या. जुन्या इंजिनांत हा आजार नेहमीचा. कुठंही, कसंही थांबतं? मग साध्या डीसी इंजिनाच्या दिव्याकडं बघा. इंजिनासोबत दिवाही विझला तर करंट तुटतोय, चाकं पुसून पुन्हा बघा. दिवा चालू आणि इंजिन ठप्प, तर मोटर किंवा गिअर कुठंतरी आवळतायत, आणि तो खर्च तुमच्या खिशातून जाणार. हे सगळं पुढं आणि मागं, दोन्ही दिशांना करायचं. एका बाजूला लोण्यासारखं आणि दुसऱ्या बाजूला लंगडत चालणारी इंजिनं भरपूर असतात.

विकत घेण्याआधी चालवून बघायची ही रीत आपल्या लातूरच्या जुन्या रेल्वेइतकी जुनी आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्यानं १८९४ मध्येच इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून आपले डबे चालवून दाखवले होते. वजन सगळ्या ॲक्सलवर सारखं वाटायचं, एका ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त नाही, हा त्याचा आग्रह. मॉडेललाही हेच लागू पडतं. वजन सगळ्या चाकांवर नीट बसलं आणि सगळी चाकं करंट घेत असली की निम्मी दुखणी होतच नाहीत.

ओढण्याची ताकद वेगळी तपासा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाणी घेऊन आलेली ५० वॅगनची गाडी ज्यांना आठवते, त्यांना एकटं धावणं आणि ओझं घेऊन धावणं यातला फरक सांगायला नको. तुमच्या ट्रॅकवर खरोखर जेवढे डबे लावणार, तेवढे लावूनच बघा. पंधरा मिनिटांनी वरून हात लावा. कोमट चालेल, चटका बसायला नको.

डिजिटल इंजिनाच्या बाबतीत जरा जास्त सावध. आतला डिकोडर मोटरचा वेग सांभाळून घेतो, त्यामुळं सुमार मशीनही शहाण्यासारखं वागतं. जमलं तर ते साध्या डीसीवरही चालवून बघा.

आणि एक गंमत. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलं तर १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं, पण एचओचा रूळ असतो १६.५ चा. म्हणून भारतीय इंजिनांची मॉडेल्स समोरून बघितली तर पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी वाटतात. उलट बार्शी लाइटचा ७६२ मिलिमीटरचा गेज ८७ नं भागला की पावणेनऊ येतो. म्हणजे बाजारात मिळणारा एन गेजचा ९ मिलिमीटरचा रूळ जवळपास फिट्ट. लातूरची जुनी गाडी कुणाला टेबलावर आणायचीच असेल तर रुळाचा प्रश्न सुटलेला आहे.

पुण्यात शिकत असाल तर कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून सुरू. तिथं गाड्या धावताना सगळेच बघतात, तुम्ही त्या सुटताना आणि थांबताना बघा.

बाकी आपण गावाकडची मंडळी, जुनं इंजिन बहुधा ऑनलाइनच घेणार. मग विकणाऱ्याकडं एक व्हिडिओ मागा : शेजारी मोजपट्टी, आवाज चालू, मध्ये कट नाही, जमेल तितक्या हळू वेगात एक मीटर जाऊन परत. व्हिडिओत मध्येच एखादं बोट फ्रेममध्ये येऊन गेलं, तर विचारा, ‘दादा, ढकललं का?’