सर्पपालन

सर्पपालन : बिनविषारी साप घरी बंदिस्त जागेत पाळणे व त्यांची शास्त्रीय पद्धतीने निगा राखणे यास सर्पपालन म्हणतात. हा छंद मुख्यत्वे उत्तर अमेरिका व यूरोप येथे रूढ आहे. भारतातील गारुड्यांचा धंदा व सर्पपालन यांत मूलभूत फरक आहे. गारुडी खेळासाठी नाग पकडीत, त्याचे विषदंत उपटीत व त्याला पेटाऱ्यात कोंडून ठेवीत. असा नाग बहुधा फार काळ जगत नसे. सर्पपालनात प्राण्याचे आरोग्य व दीर्घायुष्य यांना प्रथम स्थान असते. साप कुत्र्यामांजराप्रमाणे माणसाळत नाही. तो फार तर हाताळणी सहन करतो. वेदना वा आजार तो ओरडून व्यक्त करीत नाही. त्यामुळे त्याच्या गरजा त्याच्या शरीरक्रियेवरूनच ओळखाव्या लागतात.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये जगातील पहिले सरीसृपगृह उघडण्यात आले. तेथे १८५२ मध्ये नागदंशाने एका रक्षकाचा मृत्यू झाला. घरगुती सर्पपालनाचा प्रसार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बंदिवासात सापांची पैदास करण्याचे तंत्र साध्य झाल्यावर झाला. बंदिवासात जन्मलेले पिलू रानातून पकडलेल्या सापापेक्षा लवकर रुळते, त्याच्या अंगी परजीवी कमी असतात व रानातील सापांची संख्याही घटत नाही. म्हणून पाळण्यास असेच पिलू घेणे इष्ट ठरते.

जाती : घरी पाळण्यात येणाऱ्या सापांपैकी कॉर्न स्नेक व बॉल पायथन हे सर्वांत परिचित आहेत. कॉर्न स्नेक (पँथेरोफिस गट्टेटस) हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातील साप असून त्याची लांबी सु. ९० ते १५० सेंमी. असते. रंग नारिंगी वा तपकिरी असून पाठीवर तांबडे ठिपके असतात. तो शांत व काटक असल्याने नवशिक्यास योग्य समजला जातो. बंदिवासात तो १५ ते २० वर्षे जगतो. बॉल पायथन (पायथन रेजियस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर होय. घाबरल्यावर तो डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, यावरून त्याला हे नाव पडले. तो २० ते ३० वर्षे सहज जगतो. सेंट लूइस येथील प्राणिसंग्रहालयात सु. ६२ वर्षे वयाच्या मानल्या गेलेल्या एका मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली. साप विकत घेणे हा अशा रीतीने कित्येक वर्षांचा करार ठरतो.

निवासस्थान : साप काच, लाकूड वा प्लॅस्टिक यांच्या पेटीत ठेवतात. पेटी सापाला अंग पूर्ण लांबवता येईल एवढी मोठी असणे चांगले. झाकण वा दार घट्ट बसणारे व कडी असलेले हवे. कारण डोके शिरेल एवढ्या फटीतून साप बाहेर पडतो. तळाशी जुने वर्तमानपत्र, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा ॲस्पेन लाकडाचा कीस पसरतात. देवदारवर्गीय लाकडाच्या भुशातील उडनशील तेले सापास अपायकारक असल्याने तो वापरीत नाहीत. पेटीत अंग जेमतेम मावेल अशी किमान दोन लपण्याची ठिकाणे, चढण्यासाठी फांदी व पाण्याचे जड भांडे ठेवतात. लपावयास जागा नसल्यास साप सतत भयग्रस्त राहतो व अन्न घेणे बंद करतो. एका पेटीत एकच साप ठेवावा. किंग स्नेकसारख्या जाती तर सोबतच्या सापालाच गिळतात.

तापमान व आर्द्रता : साप हा अनियततापी प्राणी आहे, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असते. रानात तो ऊन व सावली यांत ये-जा करून ते राखतो. पेटीत ही निवड पाळणाऱ्याने उपलब्ध करून द्यावी लागते. पचन, रोगप्रतिकार व हालचाल या सर्व क्रिया उष्णतेवर अवलंबून असल्यामुळे सर्पपालनातील बहुतेक अपयशाचे मूळ येथेच सापडते. पेटीचे एक टोक उबदार व दुसरे थंड ठेवतात. कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजू सु. २८° ते ३०° से. व थंड बाजू सु. २२° ते २४° से. असते, बॉल पायथनसाठी ही तापमाने अनुक्रमे सु. ३१° ते ३३° से. व २५° ते २७° से. ठेवतात. लपण्याचे एकेक ठिकाण दोन्ही टोकांस ठेवतात. नाहीतर सापाला ऊब व सुरक्षितता यांपैकी एकाचाच लाभ घेता येतो. उष्णतेसाठी दिवा वा तापपट्टी वापरतात व ती थर्मोस्टॅटला जोडतात. सापाला पोटाखालील अतिउष्णता लवकर उमगत नाही. त्यामुळे विजेवर तापणाऱ्या कृत्रिम दगडांवर बसून साप भाजल्याची उदाहरणे आढळतात. आर्द्रता कॉर्न स्नेकसाठी ४० ते ६० टक्के पुरते. बॉल पायथनला ती याहून काहीशी अधिक लागते.

आहार : पाळीव सापांना त्यांच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढ्या रुंदीचा उंदीर देतात. गोठवलेला मृत उंदीर पूर्णपणे वितळवून, कोमट करून चिमट्याने पुढे धरतात. जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो, शिवाय त्या प्राण्यालाही नाहक यातना होतात. पिलांना ५ ते ७ दिवसांनी व प्रौढ कॉर्न स्नेकला १० ते १४ दिवसांनी एकदा अन्न पुरते. प्रौढ बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहतो. वजन टिकून असल्यास त्यात घाबरण्याचे कारण नसते. यासाठी वजनाची नियमित नोंद ठेवतात. दूध हे सापाचे अन्न नव्हे. तहानलेला साप ते पितो, परंतु त्याला ते पचत नाही. पिण्यास स्वच्छ पाणी मात्र सदैव लागते.

कात व हाताळणी : कात टाकण्यापूर्वी कातडी निस्तेज व डोळे दुधाळ निळसर दिसू लागतात. या काळात सापाला नीट दिसत नसल्याने तो चिडखोर बनतो व हाताळणी टाळावी लागते. निरोगी सापाची कात सलग एका तुकड्यात उतरते. ती तुकड्यातुकड्यांनी निघाल्यास हवा कोरडी असल्याचे समजावे. डोळ्यांवरील पटल राहून गेल्यास ते ओढून काढू नये. आर्द्रता वाढवावी किंवा पशुवैद्यास दाखवावे. अन्न दिल्यानंतर ४८ तास सापाला उचलू नये, अन्यथा तो अन्न ओकून टाकतो. उचलताना संपूर्ण अंगाला खालून आधार देतात.

रोग : थंडी वा दूषित हवा यांमुळे श्वसनमार्गाचा संसर्ग होतो, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे व नाकाशी बुडबुडे ही त्याची लक्षणे होत. सर्पगोचीड ही बारीक काळी माइट खवल्यांखाली राहून रक्त शोषते. नवा साप दोन ते तीन महिने इतरांपासून वेगळा ठेवतात. निरोगी सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून साप हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक असते व पाच वर्षांखालील मुलांना सापापासून दूर ठेवतात. निवड पद्धतीने तयार केलेल्या काही रंगप्रकारांत उपजत दोष आढळतात, उदा., ‘स्पायडर’ या बॉल पायथनच्या प्रकारात डोके डुलणे व तोल जाणे हा मज्जासंस्थेचा दोष असतो.

कायदा व पर्यावरण : भारतीय साप पकडणे, जवळ बाळगणे वा विकणे यांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे. नाग व अजगर यांना त्यात सर्वोच्च संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले असून तीसंबंधीचे नियम २०२४ मध्ये करण्यात आले. बॉल पायथन या करारात येतो. महाराष्ट्रात घरात साप आढळल्यास तो पाळावयाचा नसून वन विभागास कळवावयाचा असतो.

नकोसा झालेला साप मोकळा सोडणे हा या छंदातील सर्वांत मोठा धोका होय. फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात पाळणाऱ्यांकडून सुटलेल्या वा सोडलेल्या ब्रह्मी अजगरांची रानटी प्रजा निर्माण झाली. १९९० नंतरच्या दशकाशी तुलना करता तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगराच्या आयातीस बंदी केली. हे अजगर पिलू असताना हाताएवढे असतात, पण पाच मीटरांपर्यंत वाढू शकतात. म्हणून साप घेण्यापूर्वी त्याची पूर्ण वाढ, आयुर्मान व अखेरपर्यंतची सोय यांचा विचार करणे, हाच सर्पपालनाचा पहिला नियम ठरतो.